कोऱ्या पाटीवरचा वारा

१

"मावशी, माझं चित्र कुणीतरी पुसलं."

फोनवर धाकटीचा आवाज कोरडा होता, म्हणून मी घाबरले. माझ्या बहिणीची ही धाकटी लेक लहानपणापासून अशीच. गुडघा फुटला तरी गप्प. आणि ही अशी गप्प झाली की काहीतरी खोल लागलंय असं समजायचं.

"कोणतं चित्र? सावकाश सांग."

चित्र उपग्रहाचं होतं. तिच्या संस्थेचा उपग्रह रोज दुपारी आमच्या डोक्यावरून जातो आणि जमिनीवरून उसळून परत वर गेलेला सूर्यप्रकाश टिपतो. वाटेत हवेत मिथेन वायू असेल, तर तो त्या प्रकाशातले काही ठरावीक रंग गिळून टाकतो. हे रंग तांबड्याच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे. कोणता रंग किती खाल्ला गेला यावरून खाली गॅस किती आहे ते कळतं. मी सगळी नोकरी याच कामात केली. फक्त माझ्या काळी यंत्र संस्थेच्या गच्चीवर असायचं आणि आम्ही त्याच्या शेजारी सतरंजी टाकून ढग सरकायची वाट बघायचो. आता यंत्र आभाळात गेलं आणि माणसं पडद्यांसमोर, बंद खोल्यांत आली.

परवा दुपारच्या चित्रात धाकटीला शहराबाहेरच्या गॅसच्या टाक्यांपासून निघालेला एक लांबट लाल पट्टा दिसला होता. तो सरळ टेकडीच्या उतारावरच्या वस्तीवर गेला होता. तिने वरिष्ठांना विचारत न बसता चित्र थेट अग्निशमन दलाला पाठवलं. वस्ती रिकामी झाली, माणसं शाळेच्या सभागृहात नेऊन ठेवली. आज सकाळी टाक्यांच्या कंपनीने त्याच दुपारचं अधिकृत चित्र मागितलं, म्हणून संस्थेने ते संगणकाकडून नव्याने काढून घेतलं.

"त्यात पट्टा फिका आलाय का?"

"नाहीच आहे, मावशी. टाक्या आहेत, टेकडी आहे, वस्ती आहे. गॅसचा पत्ता नाही. सगळे म्हणतायत, मी रंगवला."

"आणि वस्तीतली माणसं?"

"संध्याकाळी घरी सोडणार. तू येतेस का?"

मी चपला शोधायला लागले होते.

२

संस्थेत शिरताना मला नेहमी चुकल्यासारखं होतं. गच्चीचा जिना बंद करून तिथे कागदांची कपाटं ठेवली आहेत.

संचालक माझाच विद्यार्थी. तरुणपणी त्याला आम्ही सूर्यफूल म्हणायचो, कारण तो दिवसभर यंत्रासारखाच सूर्याकडे तोंड करून बसायचा आणि डबा उघडा टाकून विसरायचा. आता डोक्यावर केस नाहीत आणि टेबलावर काचेखाली मुलांचे फोटो.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" तो उठून उभा राहिला. "घरचीच मुलगी आहे, मी सांभाळून घेईन. तिने फक्त लिहून द्यायचं की घाईत चूक झाली. उद्या चौकशी समिती बसतेय. तोपर्यंत लिहून आलं नाही, तर माझे हात बांधलेले आहेत."

"चूक झाली की खोटं केलं?"

"चूकच म्हणू ना आपण."

"अरे, पण ती म्हणते केलेली नाही."

धाकटी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "सर, जुनी पाटी परत बसवा. पाच मिनिटांत पट्टा दिसेल."

पाटीचं इथे सांगायला हवं. उपग्रहाच्या डोळ्यालाही सवयी असतात. एखादा कोपरा थोडा मंद दिसतो, एखादी रेघ उगाच उजळ येते. जमिनीचंही तसंच, लाल माती वेगळी, खडी वेगळी. म्हणून गॅस नसलेल्या काही चांगल्या दिवसांच्या चित्रांची सरासरी काढून ठेवतात आणि रोजच्या चित्रातून ती वजा करतात. उरेल तो गॅस. त्या सरासरीला संस्थेत सगळे 'कोरी पाटी' म्हणतात. हे नाव आमच्या वेळचंच.

परवा संध्याकाळी, म्हणजे धाकटीने चित्र पाठवल्यानंतर काही तासांतच, कुणीतरी जुनी पाटी काढून तिथे नवी बसवली होती. जुनी कुठेच नव्हती. ती ज्या दिवसांची होती त्यांचे मूळ वर्णपट, म्हणजे उपग्रहाने टिपलेले कच्चे रंग, दुसऱ्या शहरातल्या केंद्रातून मागवायचे, तर आठवडा जाणार. पाटी बदलणाऱ्याने प्रयोगशाळेचा सामाईक पासवर्ड वापरला होता. तो तिघांना माहीत होता: संचालकाला, धाकटीला, आणि यंत्राची देखभाल बघणाऱ्या काटकोनाला.

"पाट्या अधूनमधून बदलतोच आपण," संचालक म्हणाला. "यंत्र म्हातारं होतं, बाई."

"माझ्याकडे बघून म्हणू नकोस."

तो हसला. पण त्याचं हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"मला जरा सगळ्यांशी बोलू दे," मी म्हटलं. त्याला नाही म्हणता आलं नाही. त्याच्यासाठी मी अजून बाईच होते.

३

काटकोन हे टोपणनाव त्याच्या चालण्यावरून पडलं असावं. माणूस मान न वळवता सगळाच्या सगळा वळतो. त्याच्या खोलीत पंख्याचा आवाज आणि तारांचा वास.

"मी बदलली नाही पाटी," तो मी बसायच्या आत म्हणाला. "बदलली असती, तर सांगून बदलली असती. आणि तुमच्या भाचीबद्दल विचाराल, तर मला ती आगाऊ वाटते. पण खोटारडी नाही."

"पाटीसाठी दिवस कसे निवडतोस तू?"

"सूर्य बराच वर हवा. ढग नको. जमीन कोरडी. संपलं."

"वारा?"

"वाऱ्याचा काय संबंध?" त्याच्या कपाळावर आठी आली. "यंत्राला वारा लागतो का? मी कधी वाऱ्याचे आकडे उघडूनसुद्धा बघितले नाहीत."

कंपनीचा इंजिनिअर बाहेर बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, लाल झालेले डोळे. त्याच्याही घरी झोप नसणार.

"आजी, आम्ही आवाराचा कोपरान्‌कोपरा मीटरने तपासला. काही नाही. गळती असती तर अख्ख्या वस्तीला वास आला असता."

"गॅसला मुळात वास नसतो ना? तुम्ही तो नंतर घालता."

"घालतो की."

"कुठे?"

तो म्हणाला, "बाहेर पाठवताना. शहराच्या नळीवर."

"म्हणजे टाक्यांतल्या गॅसला वास नाही."

"...नाही."

"आणि आवाराच्या भिंतीबाहेर तपासलंत?"

"भिंतीबाहेरची जागा आमची नाही." मग घसा खाकरून म्हणाला, "जुनी नळी जाते तिथून. पण ती बंद आहे. बंद असायला हवी."

मी परत संचालकाच्या खोलीत गेले. तो खिडकीपाशी उभा होता. टाक्या तिथून दिसत नाहीत, तरी त्याच दिशेला तोंड करून होता.

"बाई, खरं सांगू? ते छप्पर आहे," तो म्हणाला. "टाक्यांच्या शेजारच्या पंपघरावर नवीन पांढरं प्लास्टिकचं छप्पर घातलंय. ते प्लास्टिक नेमके मिथेनसारखेच रंग खातं. यंत्र फसतं. मी महिनाभर बघतोय तो डाग. तुमच्या भाचीने डागालाच पट्टा समजला."

हे खोटं नव्हतं. अशी छपरं असतात. मी स्वतः एकदा एका गोदामाच्या छपरापायी आठवडाभर डोकं खाजवत बसले होते. मला क्षणभर वाटलं, पोरीने खरंच घाई केली की काय. मी जिना उतरून धाकटीच्या खोलीत गेले.

४

धाकटीच्या पडद्यावर आजचं अधिकृत चित्र लावलेलं होतं. मी चष्मा पुसून ते बघत बसले.

"बघून काय होणार?" ती म्हणाली. "त्यात काहीच नाही."

"तेच बघतेय. इतकं काहीच नाही कसं?"

"म्हणजे?"

"अगं, मी जन्मात इतकं स्वच्छ चित्र पाहिलं नाही. कुठेतरी चार ठिपके उरतात, एखादी रेघ राहते. इथे टाक्यांपासून वस्तीपर्यंत नुकतीच सारवल्यासारखी जागा दिसतेय. गॅस गेलेला नाही, बाळ. गॅस पाटीवरच बसलाय."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग तिचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"पाटी ज्या दिवसांची केली, त्या दिवशीही गळत होतं," ती म्हणाली. "गॅसमधून गॅस वजा केला. शून्य."

"ज्याने केली त्याला वाटलं असेल, झालं काम. पण ती पाटी आता बसलीय. रोजच्या चित्रातून तीच वजा होणार. आजच्याही."

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या चादरी होत्या. सकाळी मी आले तेव्हा त्या टेकडीकडे फुगल्या होत्या. आता वारा फिरला होता, आणि त्या उलट्या बाजूला, नदीकडे ओढ घेत होत्या.

धाकटी एकदम उभी राहिली. "उपग्रह अजून यायचाय."

"आणि ढग?"

आम्ही दोघींनी वर पाहिलं. पश्चिमेकडून एक पांढरा थर सरकत येत होता. माझं वय झालंय, पण त्या वेळी मी पुन्हा त्या गच्चीवर होते, आणि आभाळातली ती फट माझ्या मनासारखी रेंगाळावी म्हणून जीव टांगणीला लागला होता.

दारात संचालक आला. "आजचा फेरा सोडून द्या," तो म्हणाला. "ढगाळ आहे. काढून उपयोग नाही."

"काढून बघायला काय जातंय?" काटकोन त्याच्या मागूनच म्हणाला. तो कधी आला होता कुणाला कळलं नाही. "ढग असतील तर यंत्र स्वतःच टाकून देईल. यंत्राला ठरवू दे."

५

ढगाचा थर टेकडीच्या माथ्यावर अडल्यासारखा रेंगाळला. उपग्रह गेला. चित्र उतरेपर्यंत आम्ही चौघं आणि तो इंजिनिअर एका पडद्यासमोर दाटीवाटीने उभे होतो. एकमेकांचा श्वास ऐकू येत होता.

चित्र वरून खाली, ओळीओळीने भरत गेलं. आधी डोंगर. मग टेकडी. मग वस्ती, आणि वस्तीवर निळा रंग.

"निळा म्हणजे काय?" इंजिनिअरने विचारलं.

"उणे," काटकोन म्हणाला. त्याने पडद्यावर बोट टेकवलं. "तिथे शून्यापेक्षा कमी गॅस आहे असं यंत्र म्हणतंय. असं असूच शकत नाही."

"पाटीत होता, आज तिथे नाही," धाकटी म्हणाली. "नसलेल्यातून वजा झाला."

मग टाक्या आल्या, आणि टाक्यांपासून नदीकडे गेलेला पट्टा. लाल. चादरी जिकडे ओढ घेत होत्या, बरोबर तिकडे.

इंजिनिअर फोन काढून बाहेर गेला. जिन्यावरून त्याचा आवाज आला: "भिंतीबाहेर. हो, भिंतीबाहेर! जुन्या नळीवर. पाय सांभाळून जा, काडी पेटवू नका."

धाकटीने दोन्ही हात तोंडावर घेतले. काटकोन तिच्या पाठीवर एकदा, काटकोनातच, थोपटून म्हणाला, "बरी आहेस." त्याच्याकडून हे फार झालं.

मला मात्र आनंद होईना. त्या निळ्या भगदाडाकडे मी बघत राहिले. त्याच्या कडा रेखीव होत्या, सुरीने कापल्यासारख्या. महिनाभरातल्या कुठल्याही चांगल्या दिवसांची पाटी केली असती, तर वारा रोज वेगळा, गॅस रोज वेगळीकडे, आणि सरासरीत नुसता पंखा पसरल्यासारखा फिका निळा धूर दिसला असता. इथे एकच दिशा होती.

संचालक खोलीत नव्हता.

६

तो त्याच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. दिवा लावलेला नव्हता. मी दार लावून घेतलं.

"सापडलं ना," तो म्हणाला. "चांगलं झालं. काटकोनाने पाटी करताना दिवस चुकीचे घेतले असणार."

"काटकोन सूर्य बघतो, ढग बघतो. वारा त्याने आयुष्यात बघितला नाही. ही पाटी वारा बघून केली आहे. परवासारखा टेकडीकडे वारा असलेले दिवस तेवढे वेचून घेतलेत. यंत्राच्या सोयीसाठी असे दिवस कुणी वेचत नाही. गॅस लपवायचा असेल तरच वेचतो."

"मुलीकडेही पासवर्ड होता."

"स्वतःच्या गळ्याला फास लावायला? टाक्यांचा भाग तिच्याकडे येऊन आठवडासुद्धा झालेला नाही. त्याआधी कोण बघायचं?"

तो टेबलाच्या काचेवरून बोट फिरवत राहिला.

"तू बघायचास. मघाशी तूच म्हणालास, महिनाभर तो डाग बघतोय."

"छपराचा डाग, बाई. मला अगदी मनापासून वाटत होतं, छप्परच आहे म्हणून. मी लिहून दिलं तसं कंपनीला. आवार सुरक्षित आहे म्हणून सही केली. मी चुकलो असेन. पण खोटं..."

"छप्पर वाऱ्याबरोबर फिरतं का रे?"

त्याने मान वर केली.

"छप्पर पुसायचं असतं, तर कुठलेही दिवस चालले असते. ते रोज जागच्या जागी असतं. तू वारा बघून दिवस निवडलेस, म्हणजे तो डाग फिरतो हे तुला माहीत होतं. फिरतो, म्हणजे गॅस आहे, हेही माहीत होतं. पाटी करताना तुला कळलेलं होतं, बाळा. आणि त्यानंतरही तू आज संध्याकाळी माणसांना घरी पाठवायला तयार होतास."

तो म्हणाला, "पहिले काही दिवस खरंच छप्पर वाटलं. मग एक दिवस तो हलला. तेव्हा सही होऊन गेली होती." त्याने डोळे चोळले. "मला वाटायचं, उद्या बंद होईल. कंपनी काहीतरी दुरुस्ती करेल, आपोआप बंद होईल. रोज वाटायचं. आणि परवा तिने परस्पर पाठवून दिलं, तेव्हा... बाई, माझी नोकरी, ही संस्था, लोक म्हणतील यांच्या उपग्रहावर विश्वास कसला ठेवायचा..."

"शाळेत फोन कर."

"समितीला आधी..."

"शाळेत. माणसं सामान बांधत असतील."

त्याने फोन लावला. "मी संस्थेतून बोलतोय. कुणालाही घरी सोडू नका. गळती खरी आहे. आधीचं चित्र बरोबर होतं. संस्थेकडून चूक झाली."

मी त्याच्यासमोर उभी होते. हलले नाही.

"माझ्याकडून," तो फोनमध्ये म्हणाला. "चूक नाही. मी केलं."

७

जुनी नळी भिंतीबाहेर, मोकळ्या जमिनीखाली चिरलेली निघाली. गॅस मातीतून वर येत होता आणि बराचसा वाऱ्यावर जात होता. पण थोडा मातीतल्या मातीत सरकत उतारावरच्या घरांच्या तळघरांत साचला होता. एका शिंपीणबाईच्या तळघराच्या दारातच अग्निशमन दलाचं मीटर किंचाळायला लागलं. त्या तळघरात तिचं शिलाई यंत्र होतं, विजेवरचं. नुसतं बटण दाबायचं राहिलं होतं.

मी आणि धाकटी शाळेत गेलो तेव्हा ती बाई सभागृहाच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी मुलाच्या शर्टाला हाताने गुंडी लावत होती.

"तुम्हीच का त्या चित्रवाल्या?" तिने धाकटीला विचारलं. "महिनाभर डोकं दुखतंय म्हणून सांगत होते, तर सून म्हणायची, नाटकं करता. आता तिला सांगा जरा."

"सांगते," धाकटी म्हणाली, आणि खरंच जाऊन सांगून आली.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही बसलो. मला वाटलं होतं ती हसेल, निदान रडेल. ती चपलेच्या टोकाने खडी उकरत राहिली.

"मावशी, तू विचारलंस की तो भाग आधी कोण बघायचं. पण माझ्याकडे कसा आला, ते नाही विचारलंस."

"कसा आला?"

"मी मागितला नव्हता. त्यांनीच बोलावलं. म्हणाले, टाक्यांची बाजू आता तू बघ. तुझी नजर बरी आहे, आणि तू गप्प बसत नाहीस." ती खडी बाजूला सारत म्हणाली, "मला तेव्हा ते शाबासकीसारखं वाटलं होतं."

मला दोघे जण दिसत होते. गच्चीवर उपाशी बसून ढगांशी भांडणारा तो मुलगा, आणि वारा बघून दिवस वेचणारा हा माणूस. यातल्या कोणी तिला बोलावलं होतं?

"उद्या समितीपुढे मला उभं करतील," ती म्हणाली. "त्यांनी पाटी बदलली, ते सांगणार. आणि तो भाग मला त्यांनी दिला, तेही सांगणार. त्यांना वाचवायला नाही. माझ्या तोंडावर मला खोटी म्हणाले ते, ते मी विसरणार नाही."

"मग का सांगतेस?"

"कारण झालंय ना तसं."

ती उठली आणि मला उठवायला हात पुढे केला. आत कुणीतरी माणसं मोजत होतं, रात्रीच्या जेवणासाठी.